आठ नंबरच्या खिडकीतील माशी

डंख मारणाऱ्या जिवाची ओळख पटण्याआधीच त्याच्यापासून पळणे ही शुद्ध बेशिस्त आहे. आमच्या कार्यालयात ती खपवून घेतली जात नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

आठ नंबरच्या खिडकीत, अर्ज घेणाऱ्या बाईंच्या डोक्यावर हातभर उंचीवर, पोळे झाले. नियम स्पष्ट आहेत. मधमाशी असेल तर ती उपयुक्त, तिला संरक्षण द्यायचे. गांधीलमाशी असेल तर ती उपद्रवी, तिला चोवीस तासांत हटवायचे. तोवर बाईंनी जागा सोडायची नाही, कारण जागाबदलाचा अर्ज आठ नंबरलाच घेतला जातो आणि स्वतःचा अर्ज स्वतः घेता येत नाही.

बाईंच्या मुलीचे लग्न रविवारी होते. सुजलेल्या तोंडाने विहिणीसमोर उभे राहायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. (हे कारण छापील नमुन्यात नाही.)

ओळख पटवण्यासाठी नऊ जणांची समिती नेमली गेली. तिने शास्त्रीय फरक तपासले. मधमाशी केसाळ, गांधीलमाशी गुळगुळीत आणि कंबरेत बारीक. कंबर मोजायला गेलेले भांडारपाल पट्टी टाकून पळाले ते थेट रजेवर गेले. मधमाशी मेणाचे घर बांधते, गांधीलमाशी लाकूड चावून त्याचा कागद करते. हे ऐकून साहेबांना तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

उरली एकच खात्रीची चाचणी. मधमाशी माणसाला डंख मारते, काटा तिथेच सोडते आणि मरते. गांधीलमाशी पुन्हा पुन्हा मारते आणि ठणठणीत राहते. (एकदा तक्रार करून कायमचे गप्प होणारे नागरिक पहिल्या वर्गात मोडतात. दुसऱ्या वर्गात कोण, यावर समितीत एकमत झाले. ते इतिवृत्तात घेतलेले नाही.)

पण तीन दिवसांतले एकूण डंख शून्य. म्हणजे कर्मचारी सहकार्य करत नव्हते. तेव्हा नऊपैकी आठ सदस्यांनी चाचणीसाठी बाईंचे नाव सुचवले. नववे गैरहजर होते.

बाईंनी चष्मा पुसला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, खिडकीत बसते मी, अर्ज घेते मी, आणि डंखही मीच खाल्ला, तर लोक म्हणतील घरच्या घरी उरकलं. बाहेरचा माणूस नको का?"

निःपक्षपातीपणाचे असे दर्शन साहेबांना नोकरीत प्रथमच घडत होते. त्याच दुपारी बाईंची खुर्ची पाच नंबरला गेली. लग्न थाटात झाले. फोटोत बाईंचे दोन्ही गाल सारखे आहेत.

तुमचा अर्ज मात्र आठ नंबरलाच आहे. खिडकीतून हात घालून तो स्वतः काढून घ्यावा. डंख बसल्यावर ओरडू नये. माशी मेली का, ते पाहावे. जिवंत असल्यास, खात्रीसाठी, दुसरा हात घालावा.