कोबोलच्या लेकींची पाठवणी

आमच्या पेडणेकर मॅडम कॉम्प्युटरशी बोलतात, तेही लग्नघरातल्या मावशीच्या आवाजात. "ऊठ गो बाये, सीएम-एनएम. आजपासून तुझं नाव कस्टमर_नेम. नीट राहा हां तिकडे."

आमचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात. मी कॉलेज सांभाळून तिथे इंटर्न आहे. एका विमा कंपनीचे रेकॉर्ड कोबोल या जुन्या भाषेत आहेत. त्यातल्या प्रत्येक रकान्याला नव्या डेटाबेसमध्ये नवं, वाचता येईल असं नाव द्यायचं, हे आमचं काम. ते कोबोल मॅडमनीच लिहिलेलं, म्हणून निवृत्तीनंतर त्यांना परत बोलावलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला आधी वाटलं, शिकलेली माणसं कॉम्प्युटरशी असंच बोलत असतील.

मॅडमच्या लेखी जुनं नाव माहेरचं, नवं सासरचं. जुन्या नावात मधोमध रेघ असते. नव्या घरी तिला वजाबाकी समजतात, म्हणून ती खाली उतरवावी लागते. दर वेळी मॅडम पुटपुटतात, "आली सासरी, घातली मान खाली."

एकच हट्ट. प्रत्येक नव्या नावाशेजारी माहेरचं नाव नोंदलेलं हवं.

आमचे टीम लीडर निखिल सर वैतागले. "मॅडम, परवा डिलिव्हरी आहे. जुनी नावं कोणाला हवीत?"

"उद्या काही चुकलं, तर जुन्या फाइलीत कुठल्या नावाने हाक मारशील रे? सासरच्या नावाला ती तिथे ओ देणार नाही."

सरांनी जुनी नावं काढून टाकायचं काम माझ्यावर टाकलं. बिचकतच मी मॅडमना सांगायला गेले. वाटलं, भांडतील. त्या भाकरी मोडत बसल्या होत्या. माझं ऐकून एवढंच म्हणाल्या,

"लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने लिहिलं, सुनंदा. सगळे टाळ्या वाजवत होते गो."

"आधीचं नाव काय होतं, मॅडम?"

भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "शेवंती. आई होती तोवर हाक मारायची. आता कोण मारणार?"

मी उठून सरांकडे गेले. "सर, जुनी नावं राहू देत." मी घाईघाईने पुढे म्हटलं, "पुढे शोधायला लागतीलच."

"तूपण त्यांच्याच पार्टीत?" सर हसले. "बरं, राहू देत."

संध्याकाळी मॅडम निघाल्या. त्यांचा डबा टेबलावरच राहिला होता. त्या दारापाशी पोचल्या तेव्हा कुठे माझा धीर झाला.

"शेवंतीताई!"

मागे वळण्याआधीच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ओ!"