सारजाबाईंचे डोळे

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र येऊन सुगी सरली, तरी तात्याबांनी उत्तर धाडलं नव्हतं. बाईंनी एवढंच विचारलं होतं, की सारजाबाई आता हसतात का आणि खोकल्यावर लुगडं कोरडं राहतं का. कुरुळीत तात्याबांइतकी पुस्तकं कुणी वाचली नव्हती. पण बायकोच्या खाली उतरलेल्या लघवीच्या पिशवीबद्दल लिहायला त्यांचा हात धजेना.

धाकट्याच्या बाळंतपणापासून सारजाबाईंनी हसणंच टाकलं होतं. साधी शिंक आली तरी लुगडं भिजायचं. लग्नकार्यात त्या दाराशी उभ्या राहत, म्हणजे पळता येई. डॉक्टरीणबाईंनी पिशवी वर घेऊन टाके घातले आणि बाईला पुन्हा चारचौघींत बसवलं. तात्याबांना हे एखाद्या ग्रंथाहून थोर वाटलं. पण गावात विचारणा झाली तेव्हा ते घाबरून बोलून गेले, "डोळ्यांचं ऑपरेशन."

मग शेजारणी सुया ओवून घ्यायला येऊ लागल्या. एकीने तर नवरा मुलगा पारखायला सारजाबाईंना सोबत नेलं. ओझं उचलायची बंदी होती, म्हणून विहिरीवर हंडा घेऊन तात्याबाच जाऊ लागले. डोळ्याच्या दुखण्याला हंड्याची बंदी कशी, असं बायकांनी हटकलं, तर ते म्हणाले, "ओझ्यानं नजर उतरते."

दुसऱ्या दिवसापासून निम्म्या गावाच्या बायकांची नजर उतरायला लागली. विहिरीवर नवऱ्यांची रांग लागली, आणि प्रत्येक जण तात्याबांकडे खाऊ का गिळू असं बघत होता.

त्याच संध्याकाळी गोजाबाई ओसरीवर येऊन टेकली. ओढ्यापलीकडची कोंबडी कुणाची, हे इथून सांगणारी बाई.

"तात्याबा, मलाबी त्या डॉक्टरणीकडं धाडा. माझेबी डोळे गेलेत."

"तुमचे?"

"व्हय. शिंकले की जात्यात."

आत सारजाबाईंना हसू फुटलं. किती वर्षांचं साठलेलं, पोट धरून, भिंतीला टेकून हसू. तात्याबा धसकून धावले.

"असं काय बघताय? कोरडी हाय मी," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आता तरी लिव्हा त्या माउलीला. हिचं बी लिव्हा."

सकाळी हंडा भरून झाल्यावर तात्याबा चाकणला चालत गेले आणि कार्ड टपालपेटीत टाकून आले. त्यावर लिहिलं होतं: "सारजाबाई पोटभर हसतात. कोरड्या राहतात. मागोमाग गोजाबाईंना पाठवत आहे. त्यांचे डोळे उत्तम आहेत."