मक्याच्या दाण्यांचं मतदान

२०११ सालचा सप्टेंबर. परसापरसातून आलुबुखारांचा आंबूस वास सुटलेला. त्या दिवसांत झांबिला रुमेनियातल्या सिबिऊ शहरातलं शिबिर आटोपून आपल्या पोयाना मीका गावी परतली, ती छातीवर युरोपच्या झेंड्यातल्या पिवळ्या चांदण्या असलेला निळा सदरा घालूनच. शिबिर रोमा, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजातल्या, तरुणांसाठी होतं. युरोपचे सक्रिय नागरिक व्हा, असं तिथं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि झांबिलानं ते मनावर घेतलं होतं.

"सक्रिय नागरिक म्हणजे काय गं?" बाक्रो काकांनी तांब्याच्या हंड्यावर हातोडी चालवतच विचारलं. त्या गल्लीत सगळे तांबट, त्यामुळे हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती.

"गावाचे निर्णय आपणही घ्यायचे, काका."

"गावाचे? अगं, गावातला न्हावी मला माझ्या मिशांचा निर्णय घेऊ देत नाही!"

काका हसले, गल्ली हसली. झांबिला हसली नाही. तिची धाकटी बहीण मांद्रा आठ वर्षांची होती. शाळेची बस गावाच्या चौकात थांबे आणि रोमांची गल्ली चौकापासून लांब, ट्रकच्या रस्त्याला लागून. मागच्या हिवाळ्यात एका ट्रकच्या आरशानं मांद्राच्या पाठीवरचं दप्तर उडवलं होतं. दप्तराच्या जागी काय असू शकलं असतं, हा विचार झांबिलाच्या डोक्यातून जात नव्हता. बस गल्लीच्या तोंडाशी थांबली पाहिजे, बस्स.

ती सरपंच ग्लिगोर यांच्याकडे गेली. सरपंच गोडबोले होते. नाही म्हणताना आधी खुर्ची द्यायचे.

"बस थांबवायला माझी ना नाही गं पोरी. पण तुमच्याच लोकांना नकोय ना! ग्रामसभेला एक तरी येतो का?"

"त्यांना हवंय असं मी दाखवलं तर?"

"अर्ध्याहून जास्त मोठ्या माणसांनी मत देऊन सांगू दे. खांब मी स्वतः रोवतो." आणि त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं. काही होत नाही याची त्यांना पक्की खात्री होती.

झांबिलानं रविवार ठरवला. गल्लीत निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं सोपी रीत काढली. बस हवी असेल तर मक्याचा दाणा, नको असेल तर घेवड्याचा. मतपेटी म्हणून खोक्याला निळा कागद डकवला. रविवारी सकाळी पाहते तर शेजारच्या बकरीनं निळा कागद खाल्ला होता आणि खोक्याचाही एक कोपरा.

"रिस्तेआ!" ती ओरडली. "पळ, कुठूनही एक स्वच्छ भांडं आण!"

रिस्तेआ तिचा मावसभाऊ. लहानपणापासून इटलीत, शहरातल्या इमारतीत वाढलेला, नुकताच गावी आलेला. तो गेला आणि निळ्या फुलांचा सुंदर पत्र्याचा टब घेऊन आला. लोकांनी रांग लावली. बाक्रो काकांनी तर दाणा नीट तळाशी ठेवायचा म्हणून कोपरापर्यंत हात आत घातला.

मग पिटुलिना मावशी आली. तिनं टब पाहिला आणि तिच्या हातातला दाणाच गळाला.

"हा माझा टब आहे!"

"मग काय झालं, मावशी?" रिस्तेआ म्हणाला. "धुतलेला होता."

"अरे गाढवा, घागऱ्यांचा टब आहे तो!"

अख्खी रांग दोन पावलं मागे सरली. बायकांचे घागरे धुवायचा टब वेगळा असतो आणि घरामागे वेगळ्या खुंटीला असतो, हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. त्यात पुरुष हात घालत नाही, धान्य तर नाहीच नाही. बाक्रो काका आपला हात अंगापासून लांब धरून उभे होते, जणू तो दुसऱ्याचा आहे.

"साठ वर्षं मी अब्रूनं काढली," ते म्हणाले, "आणि युरोपनं एका सकाळीत घालवली."

"इटलीत सगळं एकाच मशीनमध्ये धुतात," रिस्तेआ पुटपुटला. त्यावर तीन बायका एकदम त्याच्या आईच्या नावानं ओरडल्या.

लोक पांगू लागले. झांबिला रस्त्यात आडवी उभी राहिली.

"ती मतं बाटली. कबूल. दाणे पुरून टाकू, सगळ्यांनी हात धुवा आणि पुन्हा मत द्या. आज नाही दिलंत तर सरपंच गावभर सांगणार, यांनी घागऱ्यांच्या टबात मतं टाकली आणि तशीच ठेवली."

हे मात्र लागलं. घागऱ्यांच्या टबातलं मत आपल्या नावावर राहावं, असं कुणालाच वाटेना. सकाळी अंथरुणातून न उठलेले सुद्धा हात चोळून धुऊन आले. बाक्रो काकांनी दारू गाळायचा कोरा करकरीत हंडा दिला, तोंड मुद्दाम अरुंद करून. "आता यात माझ्या नातवाचाही हात जायचा नाही. लबाडीच होणार नाही."

दुपारी सरपंच मोटारीतून उतरले. सगळ्यांच्या देखत हंडा चादरीवर उपडा केला. दाण्यांचा ओघ थांबेना. मोठी माणसं होती एकशे बारा, आणि मका निघाला किलोभर.

"वा!" सरपंच म्हणाले. "केवढी ही लोकशाही!"

झांबिला लाल झाली. "कुणी केलं हे?"

बाक्रो काका खाकरले. "थोडे जास्त पडले माझ्याकडून. एका दाण्याचा आवाज काय येणार? म्हणून नरसाळं लावलं."

"काका!"

"आणि मी दोन टाकले," पिटुलिना मावशी म्हणाली. "एक माझा, एक माझ्या मेलेल्या नवऱ्याचा. जिवंत असताना त्याला कुणी काही विचारलं नाही. म्हटलं, आज विचारतायत तर."

सरपंचांनी डोळे पुसले, हसून. मग अगदी समजूतदारपणे म्हणाले, "असं करू. पुन्हा घ्या. पण कागदावर, ओळखपत्र दाखवून, माझ्या कारकुनासमोर. घाई नाही. तयारी झाली की सांगा." गल्लीतल्या निम्म्यांची ओळखपत्रं कधीच बाद झाली होती आणि काहींची मुळात नव्हतीच, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मोटार गेल्यावर बाक्रो काका म्हणाले, "सोड पोरी. त्यांना द्यायचंच नाहीये."

"माहितीये मला," झांबिला म्हणाली. "तुमची गाडी उद्या हवीय. आणि पेट्रोल."

"पेट्रोल कशाला माझं?"

"नरसाळं तुमचं होतं."

सगळा शरद त्या गाडीच्या फेऱ्यांत गेला. झांबिला आणि रिस्तेआ एकेका घराला तालुक्याच्या कचेरीत नेत. कुणाचा जन्मदाखला चुलीत गेलेला, कुणाला स्वतःची जन्मतारीख म्हणून फक्त 'मोठा बर्फ पडला तेव्हा' एवढंच माहीत. झांबिला प्रत्येक खिडकीशी भांडली, आणि खिडकी बंद झाली की दुसऱ्या दिवशी तिथंच पुन्हा उभी राहिली. पिटुलिना मावशी फोटोवरून अडली.

"हसायचं नाही म्हणतोय तो! मग सोन्याचे दात बसवले कशाला?"

"मावशी, मांद्रासाठी."

मावशीनं तोंड मिटलं. त्या फोटोत ती कुणाचा तरी खून करायला निघाल्यासारखी दिसते.

डिसेंबरच्या तोंडावर तिसऱ्यांदा मतदान झालं. कारकून दिवसभर ओळखपत्रं उलटीपालटी करून पाहत राहिला, त्याला एकही खोट सापडली नाही. एकशे बारापैकी एकशे नऊ जणांनी मत दिलं. एकशे आठ बसच्या बाजूनं. विरोधातला एक कोण, हे शोधायला बाक्रो काका घरोघर फिरले. 'मत गुप्त असतं' म्हणून झांबिलानं त्यांना दंडाला धरून परत आणलं.

सरपंचांचा इलाज राहिला नाही. गोठलेल्या जमिनीत खांब रोवताना ते छान हसले, फोटोही काढून घेतला. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. ती आली पुढच्या जूनमध्ये, गावच्या निवडणुकीच्या दिवशी. शाळेचं दार उघडण्याआधीच रोमांची सगळी गल्ली बाहेर उभी होती, प्रत्येकाच्या हातात नवं कोरं ओळखपत्र. त्याआधी त्या गल्लीतून कधी आठ-दहाच्या वर मतं पडली नव्हती.

"शिकवलं कुणी यांना एवढं?" सरपंचांनी कारकुनाला विचारलं.

कारकून भला माणूस होता. ओळखपत्रांची अट कुणाची होती ते न काढता त्यानं पुढचं ओळखपत्र तपासायला घेतलं.

ग्लिगोर साहेब चाळीस मतांनी पडले. त्यानंतर त्यांनी मधमाश्या पाळल्या. मध चांगला असतो, गल्लीतही खपतो. बाक्रो काका तीन वर्षांनी गेले. शेवटच्या आजारातही दवाखान्याच्या खाटेवरून मत द्यायला फिरती पेटी मागवली आणि पेटी आणणाऱ्याला तिची फट रुंद आहे म्हणून बोलले. पिटुलिना मावशी नव्वदीला टेकली आहे, आता एकच मत देते, पण मोठ्यानं सांगून देते. रिस्तेआ इटलीला परत गेला. तिथंही आपल्याला नगरपालिकेला मत देता येतं हे त्यानं शोधून काढलं आणि आपल्या इमारतीतल्या सगळ्या रुमेनियन मंडळींना रांगेत उभं केलं. झांबिला दुसऱ्या खेपेला ग्रामपंचायतीवर निवडून आली. अजून आहे, आणि अजूनही 'नाही' हे उत्तर तिला समजत नाही.

मांद्रा आता सिबिऊला कायदा शिकते. दर शनिवारी घरी येते, रविवारी परत जाताना गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. आता सिबिऊची बसही तिथंच थांबते, पण हमखास उशिरा येते. मग ती तिथं उभ्याउभ्या ग्रामपंचायतीला, जिल्ह्याला आणि ब्रुसेल्सला अशा काही अस्सल शिव्या घालते की म्हाताऱ्या कान झाकतात.

"अगं, ग्रामपंचायतीत तुझी बहीण बसलीय!" कुणीतरी म्हणतं.

"म्हणून तर!" मांद्रा म्हणते.

झांबिला खिडकीतून ऐकत असते. तिला राग येत नाही. परक्याच्या बसला कुणी अशा शिव्या देत नाही.