रावणाची उसनी झोप

"रावण यंदा बसून केला तर चालेल का?" गोकुळदासने विचारलं.

डॉक्टर क्षमा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होत्या. "बसून ओरडलात तरी हृदयाला ते ओरडणंच वाटतं, काका."

गोव्यात, पेडण्यातल्या त्यांच्या गावात जत्रेला रामायणाचं नाटक असे आणि रावण गोकुळदासचाच असे. देवाची पालखी एखाद्या वर्षी उशिरा निघाली असेल, रावण कधी नाही. वर्षभर कचेरीत साहेबापुढे मान खाली घालून बसणारा हा कारकून जत्रेला सगळ्या गावावर मनसोक्त ओरडून घेई. यंदा मात्र त्याचा रक्तदाब चढला होता, कोलेस्टेरॉल चढलं होतं आणि वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेलेले होते. गोळ्या चालू झाल्या. शिवाय पुरेशी झोप घ्यायची आणि मनावर ताण घ्यायचा नाही, असा हुकूम झाला. डॉक्टरांनी मनगटाला बांधायचं एक यंत्रही दिलं. झोप, नाडी, श्वास, सगळं त्यात नोंदलं जाई.

"गुरुवारी परत आणा. झोप चांगली दिसली, तर रावण करा."

यंत्र हाताला लागलं आणि असलेली झोपही गेली. कोणी तपासणार आहे म्हटल्यावर त्याला कचेरीतही साधी सही नीट जमत नसे. ही तर झोप होती.

"डोळे मिटा," बायको भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"मिटल्यात."

"मगे निजा."

"तू बोलतस, मी कसो निजू?"

नवऱ्याला त्रास नको म्हणून तिने पाव विकणाऱ्या पोदेराला दारापाशी भोंपू वाजवू नकोस असं सांगितलं. पोदेराने भोंपू वाजवला नाही, पण पाव देता देता त्याचं कारण घरोघर सांगितलं. दुपारचं जेवून गाव आडवा होतो त्या वेळी हाक मारायला कोणी कोणाच्या दारात जात नाही. पण माणूस आजारी असला की त्याला बघायला जावंच लागतं, आणि दुपारी तो हमखास घरी सापडतो. रोज दुपारी माणसं येऊ लागली. झोप का येत नाही, असं विचारत ती चहा होईपर्यंत बसत.

मंगेश केळी घेऊन आला. कित्येक जत्रा झाल्या, तरी तो जटायूच्या पुढे सरकला नव्हता.

"आराम कर, गोकुळदासा. जीव म्हत्त्वाचो. मुकुट खंय ठेवलंस?"

"कित्याक?"

"माका सैल होता काय, बघतंय."

मंगेश गेला तेव्हा गोकुळदासची नाडी यंत्रात मावेनाशी झाली होती. तो तसाच ओसरीवर आला. तिथे बाकड्यावर त्याचा मेहुणा बाबली पसरला होता. दुकान बंद करून, हुमण-भात जेवून तो रोज इथेच झोपे. त्याच्या घोरण्याने वरची कौलं हलतात, असं शेजारी म्हणत. एवढी गाढ झोप गोकुळदासने जन्मात पाहिली नव्हती. त्याने मेहुण्याला हलवून उठवलं.

"बाबली, गुरुवारपर्यंत ह्या यंत्र तुझ्या हाताक बांधतंय. झोपताना काढू नको."

"माका काय गावतला?"

"वानरसेनेतून काढून तुका बिभीषण करतंय."

बाबलीने झोपेतच हात पुढे केला.

गुरुवारी बाबलीनेच नवरा-बायकोला गाडीतून दवाखान्यात नेलं आणि तो बाहेरच्या बाकावर टेकला. आत डॉक्टरांनी यंत्रातली नोंद पडद्यावर उघडली. गोकुळदास शाबासकीच्या तयारीने बसला होता.

"काका, रावण विसरा," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेत तुमचा श्वास थांबतो. पुन्हा पुन्हा. रक्तातला प्राणवायू उतरतो, हृदयावर ताण येतो. घोरतही असाल, पण घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. आजच पुढच्या तपासणीची सोय करते."

"पण हे घोरणत नाय," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आमच्याकडे घोरता तो बाबली."

डॉक्टरांनी गोकुळदासकडे पाहिलं. त्याने पायांकडे पाहिलं. गप्प राहावं तर रावण मंगेशला जात होता, आणि बोलावं तर बायको समोरच बसली होती. पण बाहेर ज्याचा श्वास थांबत होता, तो तिचा एकुलता एक भाऊ होता.

"यंत्र बाबलीच्या हाताक होता," तो म्हणाला.

तिघं बाहेर आली. बाबली बाकावर मान टाकून घोरत होता. घोरणं वाढत गेलं आणि एकदम बंद झालं. छाती हलत होती, पण श्वास येत नव्हता. मग मोठ्याने फुरफुरून तो पुन्हा सुरू झाला.

"हेच ते," डॉक्टर म्हणाल्या.

"माझ्या भावाचो श्वास अडकता," भाग्यलक्ष्मी हळू आवाजात म्हणाली, "आणि तुमका मुकुटाची पडली."

पुढच्या तपासण्या बाबलीच्या झाल्या. नाकावर हवेचा मुखवटा बांधून झोपायचं, असं ठरलं. गावाचा मोर्चा त्याच्याकडे वळला आणि मंगेश केळी तिकडे घेऊन गेला. इकडे यंत्र पुन्हा गोकुळदासच्या मनगटावर आलं. या वेळी भाग्यलक्ष्मीने ते स्वतः बांधलं आणि वर सुतळीची गाठ मारली. विचारपूस करायला कोणी नसल्यामुळे तो सुरेख झोपला. गोळ्या चालू ठेवायच्या आणि आवाज निम्मा ठेवायचा, या अटीवर डॉक्टरांनी रावण मंजूर केला.

परवानगी मिळाली त्या दिवशी जेवून गोकुळदास समाधानाने आडवा झाला. डोळा लागतो न लागतो, तोच उशाशी कोणीतरी खाकरलं.

"दादा, सीतेला सन्मानाने परत पाठव!"

गोकुळदासने डोळे उघडले. समोर बाबली खांद्यावर शेला टाकून ताजातवाना उभा होता.

"बाबली, जा. निज जा."

"झोप येणा नाय, भावोजी," बाबली म्हणाला. "मुखवट्यान रात्रीच बरी होता आता. तुमचा वाक्य म्हणा."