पिवळ्या रंगामागचा मेहुणा

"माझा भाऊ त्या बोर्डावर नको म्हणजे नको!" ताई स्वयंपाकघरातूनच कडाडल्या. उद्या त्यांचा शिवणक्लास सुरू व्हायचा होता आणि बोर्डाचं चित्र त्यांचे यजमान, म्हणजे दाजी, कॉम्प्युटरवर जुळवत होते.

भावाने ताईंचं शिलाई मशीन न विचारता भंगारात घातलं, तेव्हापासून बहीणभावात अबोला होता. दाजींची मात्र पंचाईत झाली होती. पत्ते खेळायला मेहुण्याशिवाय दुसरं होतं कोण? बोर्डासाठी घेतलेल्या तिघांच्या फोटोतून त्याला पुसून टाकायला त्यांचा हात धजेना. त्यांनी त्याच्यापुढे मशीनचं चित्र आणून ठेवलं.

ताई डोकावल्या. "अहो, मशीनला केस कसे फुटले?"

दाजींनी घाईघाईने मशीन हटवलं, मेहुण्याला फोटोतून वेगळं केलं आणि 'सगळ्यात मागे' हे बटण दाबलं. मेहुणा गडप! गेला कुठे? ताईंची पाठ वळताच दाजींनी पार्श्वभूमीचा पिवळा रंग हळूच बाजूला सरकवला. त्याच्यामागे स्वारी ताईंच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभी होती.

"बस बाबा तिथेच," असं पुटपुटत दाजींनी रंग परत जागेवर आणला.

"काढलात ना?"

"तूच बघ, दिसतोय का?"

दाजींनी चित्र छापखान्यात पाठवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी शेजारणींसमोर ताईंनी बोर्डावरचा कागद ओढला. मधोमध मेहुणा! ताईंच्या खांद्यावर हात, तोंडभर हसू.

"अहो, हा कुठून उपटला?"

दाजींना घाम फुटला. "पिवळ्या रंगामागे होता. पण तो रंग गेला कुठे?"

"तो मीच काढायला लावला, छापखान्यात फोन करून. कावीळ झाल्यासारखा दिसत होता बोर्ड!"

तेवढ्यात समोरच्या दुकानाच्या खांबाआडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. लपून बघायला आलेला मेहुणा रुमालाने डोळे पुसत होता.

"ताई, मला वाटलं, तू माझं तोंडही बघणार नाहीस. आणि तू तर मला मधोमध..."

ताईंनी दाजींकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरकले. मग त्या भावाकडे बघत राहिल्या. रागावायचं होतं, पण डोळेच भरून आले.

"तिथे मागे काय उभा राहिलास? ये पुढे," त्या म्हणाल्या. "हे दारातलं नवं मशीन आत नेऊन ठेव. आत म्हणतेय मी, नीट ऐक! आणि अहो, तुम्ही जा त्याच्याबरोबर. लक्ष ठेवा."