बुद्धभूषणने आणलेलं भांड्यांचं मशीन

अस्मिताची खात्याची परीक्षा जवळ आली, तेव्हा बुद्धभूषणने जाहीर केलं, "आजपासून या घरात बाईमाणूस भांडी घासणार नाही!"

जाहीर केलं म्हणजे चक्क उभं राहून केलं. श्रोते दोनच. बायको अस्मिता, जिचे हात तेव्हा साबणात होते, आणि आई जनाबाई, ज्या लसूण सोलत होत्या.

"मग कोण घासणार? तू?" जनाबाईंनी विचारलं.

"मशीन!"

कॉलेजात त्याने 'स्त्री आणि श्रम' या विषयावर वक्तृत्वाची ढाल जिंकली होती. (ढाल अजून फ्रिजवर आहे. ती पुसतं कोण, हा मुद्दा भाषणात नव्हता.) शिवाय ही परीक्षा हुकली की अस्मिताचं प्रमोशन गेलंच. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती अभ्यास करणार, भांडी नाही. हे त्याच्या दृष्टीने आता तत्त्वाचं होतं.

तो तडक उल्हासनगरला गेला. तिथे मुकेशभाईंच्या दुकानात जगातली प्रत्येक वस्तू मिळते, फक्त तिचं माहितीपुस्तक मिळत नाही.

"साई, दुबई का पीस आहे," मुकेशभाई म्हणाले. "भांडी घालायची, बटन दाबायचं, और आराम से टीव्ही देखने का!"

मशीन अंबरनाथ पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर चढलं. स्वयंपाकघरात ते मावलं, पण मग पाण्याचं पिंप मावेना. पिंप हॉलमध्ये टीव्हीशेजारी गेलं.

पहिल्याच दिवशी कळलं, की हे मशीन सपाट बशांसाठी बनवलंय. घरात सपाट म्हणाल तर तवा आणि पोळपाट. कढई ठेवली की दुसरं काही राहीना. वाट्या उताण्या होऊन त्यांत पाणी साचलं. पळी निसटून आतल्या फिरत्या पात्यात अडकली आणि मशीन लोहाराच्या दुकानासारखं वाजू लागलं. त्यात भाताची शितं जाळीत बसली. रविवारी सुकट झाली, तर सोमवारच्या चहालाही सुकटीचा वास.

पण माघार घेईल तो बुद्धभूषण कसला! त्याने पद्धत बसवली. आधी खरकटं काढायचं, मग भांडी विसळायची, मग रचायची, मग काढून पुसायची.

"विसळलेली भांडी मशीनमध्ये कशाला रे?" जनाबाईंनी विचारलं.

"स्वच्छ व्हायला."

"मग आत्ता कशी आहेत?"

"अंशतः."

अस्मिता पुस्तक ठेवून उठली. "भूषण, दे इकडे. एवढ्यात माझी घासूनसुद्धा झाली असती."

"अजिबात नाही! तू वाच!"

बातमी बिल्डिंगभर झाली. नवी वस्तू बघायला आलेल्याला चहा न देता पाठवणं जनाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यामुळे लोक मशीन बघायचे, चहा प्यायचे, आणि त्यांचे कप धुताना दाखवायला मशीन पुन्हा लावावं लागायचं. ते बघायला आणखी लोक यायचे.

मग शेजारच्या इंदुबाई करपलेलं दुधाचं पातेलं घेऊन आल्या. "भूषणदादा, तुमचं ते भाषण आम्ही भिंतीतून ऐकलं. बाईमाणूस म्हणालात ना? आम्ही कोण मग?"

तत्त्वाला नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर दळणाचे डबे लागावेत, तशी दारात कुकर-कढयांची रांग लागली. बुद्धभूषण ऑफिसातून येई, बाह्या सरसावी आणि मजल्यावरची समस्त उष्टी अंशतः स्वच्छ करी.

अशातच परीक्षेची आदली संध्याकाळ आली. मशीन गच्च भरून सुरू केलं आणि लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ बदलली होती, हे मशीनला कोणी कळवलं नव्हतं. घरचं एकूणएक भांडं आत, वर इंदुबाईंचा कुकर, आणि खाली गढूळ पाणी. भात लावायला टोपसुद्धा बाहेर नाही.

अस्मिता उठली. "बस झालं. मी घासते."

"हात लावशील तर बघ!" बुद्धभूषण गरजला. "उद्या पेपर कोणाचाय?"

घरात मेणबत्ती एकच होती. ती त्याने अस्मिताच्या पुस्तकाशी ठेवली, एकेक भांडं बाहेर काढलं आणि काथ्या घेऊन अंधाऱ्या मोरीत फतकल मारली. घास घास घासलं. तो खरखराट साऱ्या मजल्यावर गेला.

थोड्या वेळाने गॅलरीतून इंदुबाईंची हाक आली. "अगं अस्मिता, लाईट नाही आणि तुमचं मशीन चालू कसं? इन्व्हर्टर घेतलात की काय?"

अस्मिताने पुस्तकातून मान वर केली नाही. "नाही हो काकू. हे बिनविजेचं मॉडेल आहे."

"अगंबाई! मग माझी आणखी दोन पातेली देऊ का?"

मोरीतला खरखराट एकदम थांबला. बुद्धभूषणने आशेने आईकडे पाहिलं.

"द्या की!" जनाबाई ओरडल्या. "फक्त परत नेताना उजेडात बघून घ्या. हे मॉडेल बुडाला नीट घासत नाही."