पिवळ्या जाकिटातला अबोला

मोटारसायकलवर माझ्या मागे कोण बसलंय, हे मला वळून न बघताही कळतं! हा माझा दावा आहे. म्हणजे होता. पाऊल ठेवण्याच्या पट्टीवर पाय कसा पडतो, मागची स्प्रिंग कोणत्या सुरात कुरकुरते, यावरून मी माणूस ओळखतो, असं मी ऑफिसात छातीठोकपणे सांगत असे. बायको मागे बसली की गाडी कशी, संथ पाण्यावर होडी बसावी तशी बसते! इतरांची गोष्ट वेगळी. ते पोतं टाकल्यासारखे बसतात.

आता हे ऐकून तुम्ही माना डोलावल्या असतील तर थांबा. पुढचं ऐका.

आम्ही परदेशात, समुद्राकाठच्या एका गावात राहतो. मी लिफ्टची तपासणी करतो. आठवडाभर उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या भुयारात, ग्रीस लागलेल्या दोरांशी माझा संसार. मग रविवार उजाडला की जीव मोकळ्यावर धावतो. या किनाऱ्यावर काय नाही? पडके किल्ले आहेत, टेहळणीचे बुरूज आहेत, जुन्या धक्क्यांचे दगड आहेत. ओहोटीला ते दगड असे उघडे पडतात, जणू समुद्राने दात दाखवले! मी मोटारसायकल काढतो आणि बायकोला मागे बसवून इतिहास दाखवतो. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. रविवारी तिला झोप हवी असते. पण येते बिचारी.

म्हणजे येत होती. महिन्यापूर्वी एका बुरुजाखाली उन्हात उभी राहून ती म्हणाली, "तुम्हाला दगडांशीच लग्न करायचं होतं, मला कशाला मध्ये आणलंत?"

यावर शहाण्या नवऱ्याने हसून पाणी प्यायचं असतं. मी म्हणालो, "दगड निदान टोमणे तरी मारत नाहीत!"

झालं! अबोला!

आता अबोला आपल्याकडेही होतो. पण तिथे घरात चार माणसं असतात. शेजारीण येते, आत्या फोन करते, अबोला इकडून तिकडून गळत राहतो. इथे या अख्ख्या गावात मराठी बोलणारी तोंडं दोनच! त्यातलं एक बंद पडलं की गाव मुकं! आम्ही फ्रिजशी बोलायला लागलो. ती फ्रिजला सांगायची, "कुणाला जेवायचं असेल तर पानं घेतली आहेत." मी फ्रिजला म्हणायचो, "आमटीत मीठ कमी आहे असं कुणी म्हणालं तर राग येऊ नये." फ्रिज घुर्र करायचा. घरातला सगळ्यात समजूतदार माणूस तोच!

घोर वेगळाच होता. पुढच्या आठवड्यात ती धाकट्या भावाच्या लग्नाला माहेरी निघणार होती. मला रजा नव्हती. ती अशी घुम्यासारखी जाऊन पोचली असती, तर सासूबाईंनी दारातच तिचा चेहरा बघून विचारलं असतं, "काय झालं गं?" मग लग्नघरात नवरदेवाऐवजी चर्चा माझीच! तेव्हा निघण्याआधी अबोला मोडायला हवा होता. मात्र आधी मी बोलणार नाही, अशी माझी प्रतिज्ञा होती. तिचीही असणार. तिचा चेहरा तसा सांगत होता.

म्हणून शनिवारी मी फ्रिजला सांगितलं, "उद्या सकाळी समुद्रातला किल्ला बघायला जाणार आहे. शेवटचाच दगड. कुणाला यायचं असेल तर या."

ती फ्रिजला म्हणाली, "कुणीकुणी दीपगृह दाखवू म्हणून वर्षभर नुसतं सांगतंय."

तरी रविवारी निघाली! डोक्यावर लाल हेल्मेट, पुढे काळी काच. मी माझं नवीन जाकीट चढवलं. झगझगीत पिवळं, झेंडूच्या शेतासारखं! नुकतंच घेतलं होतं. ते घातल्यापासून या गावाबद्दलचं माझं मतच बदललं होतं. रस्त्यात अनोळखी लोक मला हात करायचे! म्हातारे करायचे, बायका करायच्या, टाय लावलेले साहेबसुद्धा करायचे. मीही हात हलवून हसत पुढे निघून जायचो. किती प्रेमळ लोक! मागे ते जोरजोरात काहीतरी ओरडायचे, तेही मला प्रेमाचंच वाटायचं.

अबोल्यात बाजारहाटाला जातायेता आमची थापांची भाषा ठरून गेली होती. खांद्यावर एक थाप म्हणजे निघा. दोन म्हणजे थांबा. थापा पडतच राहिल्या तर हळू चालवा, जीव जातोय.

फेरीबोटीच्या धक्क्याशी ती दोन थापा मारून उतरली. हेल्मेट मागच्या सीटवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता स्वच्छतागृहाकडे गेली. मी गाडीवर बसल्या बसल्या समुद्राकडे बघत राहिलो. मनात क्षमेची वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. आजूबाजूला आणखीही पिवळ्या जाकिटांतले लोक मोटारसायकली लावून उभे होते. वा! माझी आवड इथे बऱ्याच जणांना पटलेली दिसते, असं वाटून बरं वाटलं.

तेवढ्यात गाडी हलली. माणूस बसला. खांद्यावर एक थाप पडली. निघा!

निघालो! गाडी जरा जास्तच खाली बसली, हे खोटं कशाला बोलू? पण मनात आलं, राग माणसाला जड करतो. महिनाभराचा अबोला पोटात घेऊन बसलीय बिचारी, वजन वाढायचंच! आरशात बघितलं. लाल हेल्मेट, काळी काच. झालं समाधान.

रस्ता दुभंगतो तिथे उजवीकडे बंदराची मोठी वसाहत, डावीकडे किल्ला. मी डावीकडे वळलो आणि पाठीवर थापा सुरू झाल्या. मी गाडी हळू केली. थापा वाढल्या. मी आणखी हळू केली. आता थापा कसल्या, धपाटेच! गाडी इतकी हळू झाली की कुत्र्याला फिरवायला निघालेल्या आजीबाई आम्हाला मागे टाकून गेल्या. हेल्मेटमधून काहीतरी गुरगुरणं ऐकू येत होतं, पण समुद्राचा वारा असा की अक्षर कळेना. रडते की काय? माझं काळीज पिळवटलं. महिन्याने इतका स्पर्श झाला होता, मग तो धपाट्यांचा का असेना!

किल्ल्यासमोर कठड्याशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. समोर पाण्यात काळा किल्ला, त्याच्या पायाशी फेसाची झालर. प्रतिज्ञा गेली खड्ड्यात! तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून वळलो नाही. समुद्राकडे बघतच बोलायला लागलो, आणि जात्यावर ओवी सुटावी तसं बोलणं सुटलं.

"चुकलं माझं! ऐकतेस ना? दगडांचं बोललो ते चुकलं. तू गप्प झालीस आणि माझ्या कानांना उपास घडला गं! सकाळी 'दूध बघा, उतू जातंय' असं ओरडायचीस ना, तेवढंसुद्धा मला आता गाण्यासारखं आठवतं. माहेरी जा, हवे तितके दिवस राहा, पण जाताना दोन शब्द बोलून जा. चुकलं माझं, हजारदा चुकलं!"

  मग हळूच एक हात माझ्या खांद्यावर आला. मायेने, धीर दिल्यासारखा.

मी त्या हातावर हात ठेवला. डोळे पुसून प्रेमाने त्याच्याकडे बघितलं.

बोटांवर केस!

मनगटावर घड्याळाचा रुंद पट्टा! त्याच्यावर आणखी केस!

मी असा किंचाळलो की कठड्यावरचे सगळे पक्षी उडाले. मागचा इसमही किंचाळला. लाल हेल्मेट निघालं आणि आतून पांढरी दाढी बाहेर आली. गोल चेहरा, मांडीवर चामड्याची पेटी.

"तुम्ही कोण?" मी त्यांच्या भाषेत ओरडलो.

"मी घड्याळजी! बंदराच्या कचेरीचं घड्याळ बंद पडलंय, ते दुरुस्त करायला निघालो होतो! उजवीकडे, उजवीकडे म्हणून पाठ बडवतोय तुमची! कसले टॅक्सीवाले हो तुम्ही?"

"टॅक्सीवाला? मी?"

त्यांनी माझ्या जाकिटाकडे बोट दाखवलं. "टॅक्सीवाल्यांचं पिवळं जाकीट घालून धक्क्यावर उभे राहता आणि वर मला विचारता? मागे गिऱ्हाइकाचं हेल्मेटही ठेवलेलं!"

डोळ्यांसमोर ते सगळे हात करणारे लोक उभे राहिले. म्हातारे, बायका, टायवाले साहेब. देवा! ते प्रेम नव्हतं! कामाला उशीर होत होता त्यांना!

"माझी बायको हरवली!" मी म्हणालो.

"अरेरे! कधी?"

"तुम्ही बसलात तेव्हा!"

गाडी वळवली. बायकोचा फोन माझ्याच खिशात, कारण तिच्या कुर्त्याला खिसे नाहीत. परक्या गावात, फोनशिवाय, नवरा दाढीवाल्याला घेऊन पळालेला! घड्याळजी माझी कंबर धरून ओरडत होते, "हळू! पेटीत नाजूक चाकं आहेत!" आता त्यांना थापांची भाषा कुठून येणार? मी सुसाट!

धक्क्यावर ती नव्हती! तिकीट खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती ना? ती तर पिवळ्या जाकीटवाल्याच्या मागे बसून गेली. दीपगृहाकडे. खुशीत होती."

"खुशीत?"

"लाजत होती," बाईंनी दुरुस्ती केली.

 घड्याळजी आपणहून म्हणाले, "बंदर राहू दे. चला, आधी दीपगृह!"

दीपगृह टेकाडाच्या टोकावर, पांढरंशुभ्र. त्याच्या पायरीवर माझी बायको बसली होती, चेहरा भिंतीहून पांढरा. समोर पिवळं जाकीट घातलेला एक तरणा टॅक्सीवाला पाण्याची बाटली पुढे धरून उभा. ती काही बोलली की तो दोन पावलं मागे सरकत होता.

"कुठे होतात तुम्ही!"

"कुठे होतीस तू!"

दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं.

माझी हकिगत मी दोन वाक्यांत सांगितली. तिची अशी. ती बाहेर आली तर माझ्याच जागेवर पिवळं जाकीट, तसलीच गाडी, हेल्मेटमध्ये झाकलेला चेहरा. त्या माणसाने तिच्यापुढे निळं नवंकोरं हेल्मेट केलं.

"मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी नवीन हेल्मेट घेतलंत!" ती म्हणाली. "त्याने हाताने विचारलं, कुठे? मी नुसतंच दीपगृहाकडे बोट केलं आणि तो निघालासुद्धा! मनात म्हटलं, आज सूर्य कुठे उगवलाय? नवीन हेल्मेट काय, माझ्या मनासारखं दीपगृह काय! इथे पोचले, तो वळला, काच वर केली, आणि बघते तर हा कोण!"

"मग रस्ताभर काही बोलली नाहीस?"

"छे! मी कशाला बोलू? अबोला होता ना!" ती पटकन म्हणाली. "आणि तुम्ही? ह्यांच्याशी काय बोललात?"

"काही नाही. किल्ल्याचा इतिहास सांगितला."

टॅक्सीवाल्याला आता धीर आला होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच त्यांच्या भाषेत म्हणाला, "साहेब, एक विचारू? 'चुकलन माजा' म्हणजे काय? ताई वाटभर तेच म्हणत होत्या. म्हणायच्या आणि नाक ओढायच्या."

 या गावात तो शब्द त्याला शिकवू शकेल असं तोंड एकच होतं! त्या परक्या उच्चारातही तो शब्द मला असा गोड लागला म्हणून सांगू! मी विजयी मुद्रेने बायकोकडे वळणार, तोच घड्याळजी तिला म्हणाले, "कमाल आहे! तुमचे यजमानसुद्धा अगदी हेच म्हणत होते. आणि माझा हात धरून रडत होते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. खाली समुद्र दगडांवर आपटून खदखदत होता. मग तीही हसायला लागली, अगदी पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखा हात धरून. महिन्याचं हसू एकदम! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, दीपगृह भरदिवसा लागलं!

"पण आधी कोण म्हणालं?" मी म्हणालो. नको होतं म्हणायला.

"तुम्ही!"

"तू! घड्याळजी, तुमच्या हातात घड्याळ आहे, तुम्ही सांगा."

"मी घड्याळं दुरुस्त करतो," ते दाढी खाजवत म्हणाले, "संसार नाही. आणि तुम्ही मला उचललंत, तुम्हीच बंदरावर सोडायचं. चला!"

"जा, सोडून या त्यांना," बायको माझ्या खिशातून आपला फोन काढून घेत आणि निळं हेल्मेट चढवत म्हणाली. "मी ह्या भाऊंबरोबर घरी जाते. हे वळणावर गाडी हळू करतात."

म्हणजे अबोला मोडला, समेट झाला, आणि मी घरी आलो तो घड्याळजींना सोडून! त्यातही त्यांनी कचेरीच्या घड्याळाखाली शिडी धरायला मला थांबवून घेतलं.

दार उघडलं तर बायको फोनवर. आवाज घरभर, कानांचा उपास सुटेल असा! "अगं आई, अगं ऐक तर! हमसून हमसून रडले म्हणे! त्या दाढीवाल्याचा हात धरून!" फोनमधून सासूबाईंचं, मावशींचं आणि बहुधा मांडव घालायला आलेल्या मंडळींचंही हसणं ऐकू येत होतं. जी गोष्ट माहेरी पोचू नये म्हणून मी जीव टाकत होतो, ती तिच्या आधी, विमानाशिवाय पोचली होती!

मग मेहुण्याने फोन मागून घेतला. नवरदेव तो. म्हणाला, "भाऊजी, रजा नाही मिळाली तरी वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही नाही आलात तरी चालेल, पण त्या घड्याळजींना नक्की पाठवा. लग्नानंतर मलाही लागतील!"